कॉलेजच्या आवारात पर्यावरणाचं काम करायचंय? आधी एक वही आणि वजनकाटा घ्या

५ जूनला, पर्यावरण दिनी, कोल्हापुरातल्या बहुतेक कॉलेजांच्या आवारात खड्डे खणले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात. मी शहरातल्या एका कॉलेजात शिकत होतो तेव्हा आम्हीही एका सकाळी साठ रोपं लावली. पावसाळाभर ती छान वाढली. मग परीक्षा आल्या, सुट्टी लागली, पोरं कागल, गारगोटी, शाहूवाडीला आपापल्या घरी गेली. पुढच्या जूनला परत येऊन मोजलं तर अकरा जगली होती. ती अकराच्या अकरा माळीमामांच्या खोलीपासून नळापर्यंतच्या वाटेवर होती. मामा येता-जाता त्यांना पाणी घालत होते. आम्ही त्यांना कधी सांगितलंही नव्हतं.

तेव्हापासून आवारातल्या कुठल्याही पर्यावरणाच्या कामाला मी एकच प्रश्न विचारतो: मे महिन्यात हे कोण बघणार? पुढे जे लिहिलंय ते या प्रश्नाच्या उत्तरासाठीच आहे. तुम्ही शिवाजी विद्यापीठात असा, राजाराम कॉलेजात असा किंवा तालुक्याच्या एखाद्या छोट्या कॉलेजात, क्रम साधारण हाच राहील.

पहिले दोन आठवडे नुसतं फिरा

काहीही सुरू करू नका, गटाचं नाव ठरवू नका, टी-शर्ट छापू नका. शंभर पानी वही घ्या आणि आवारात तीन वेळांना फिरा. सकाळी सातला, म्हणजे झाडलोट चालू असते तेव्हा. दुपारी दीडला, कॅन्टीनची गर्दी ओसरताना. आणि संध्याकाळी सहानंतर, वर्ग रिकामे झाल्यावर.

सकाळी पाहा की पालापाचोळा कुठे जातो. पोत्यात भरून गाडीत, की भिंतीकडेला काडी लावून? दुपारी ताटांतलं उष्टं कशात पडतं आणि ती बादली पुढे कोण नेतं? संध्याकाळी किती वर्गांत पंखे नुसतेच फिरताहेत, कोणती टाकी भरून वाहते, कोणता नळ गळतो? आवाराचा हाताने नकाशा काढून त्यावर खुणा करा. त्या नकाशावर सांडपाणी कुठून बाहेर पडतं हेही शोधा. कोल्हापुरात बऱ्याच ठिकाणी ती वाट जयंती किंवा दुधाळी नाल्याकडे आणि तिथून पंचगंगेकडे जाते. आपल्या कॅन्टीनच्या मोरीचा नदीशी असलेला संबंध डोळ्यांनी पाहिला की पंचगंगेच्या प्रदूषणाची बातमी वेगळी वाटते.

चार माणसांशी ओळख करा

झाडलोट करणाऱ्या मावशी, माळीमामा, कॅन्टीनचे मालक आणि इलेक्ट्रिशियन किंवा शिपाई दादा. आवाराचं सगळं ज्ञान यांच्याकडे असतं. कुठल्या व्हॉल्व्हचा फ्लोट मोडलाय, कुठल्या झाडाखाली पाणी साचतं, कुठला डबा कधीच रिकामा होत नाही, हे प्राचार्यांना माहीत नसेल, यांना असतं.

पहिल्या भेटीत कौतुक होईल अशी अपेक्षा नको. आमच्या मावशी स्पष्ट म्हणाल्या होत्या, "पोरं येत्यात, फोटो काढत्यात आन जात्यात. तू किती दिस येणार हाईस?" त्यांचा अनुभव तसाच होता. मी दोन आठवडे रोज सकाळी त्यांच्याबरोबर उभा राहिलो, कचऱ्यात हात घातला, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं की वेगळा केलेला कचरा शेवटी एकाच गाडीत पडतो, म्हणून त्या वेगळा करत नाहीत. नुसते निळे-हिरवे डबे आणून काही झालं नसतं, हे तिथेच कळलं.

एक नियम पाळा: तुमच्या कल्पनेमुळे त्यांचं काम वाढत असेल तर ती कल्पना बदला. कमी होत असेल तर ते आपणहून तुमच्याबरोबर येतील.

शिरायचं कुठून

सगळ्यात सोपं दार राष्ट्रीय सेवा योजनेचं. १९६९ पासून चालू असलेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि ७ दिवसांचं विशेष शिबिर असतं. हे तास बहुतेक ठिकाणी भाषणं आणि फेऱ्यांत जातात, पण कार्यक्रम अधिकाऱ्यांना तुम्ही नेमकं काम सुचवलं तर ते आनंदाने देतात. त्यांनाही अहवालात ठोस काहीतरी लिहायचं असतं.

दुसरं दार अभ्यासक्रमाचं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग यांना श्रेयांक आहेत, आणि पर्यावरण अभ्यासातही प्रकल्प करावा लागतो. दरवर्षी शेकडो पोरं 'प्रदूषणाचे प्रकार' असा विषय कुठून तरी उतरवून काढतात. त्याऐवजी 'आमच्या कॅन्टीनचा तीस दिवसांचा ओला कचरा' असा विषय घ्या. गुण तेवढेच मिळतील आणि वहीतले आकडे खरे असतील.

विद्यापीठात असाल तर पर्यावरणशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे दोन्ही विभाग हाताशी आहेत, लीड बोटॅनिकल गार्डन आहे. आणि वसतिगृहात राहत असाल तर तुमचं वजन जास्त आहे. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं तेव्हापासून हे गाव बोर्डिंगांचं आहे. घरून येणारा विद्यार्थी पाचला निघून जातो, बोर्डिंगचा पोरगा रविवारीही आवारात असतो.

पाच जण मिळाले तरी पुरे. त्यातले दोन पहिल्या वर्षाचे असलेच पाहिजेत, याचं कारण पुढे येईल.

एकच गोष्ट निवडा आणि मोजा

नकाशावर पंधरा खुणा असतील. एक घ्या. माझं मत विचाराल तर कॅन्टीनचा किंवा मेसचा ओला कचरा घ्या, कारण तो रोज तयार होतो, रोज दिसतो आणि दोन-तीन महिन्यांत हातात खत येतं. झाडाला पाच वर्षं लागतात, पहिल्याच गटाचा धीर तेवढा टिकत नाही.

हुकाचा ताणकाटा घ्या, भंगारवाल्यांकडे असतो तसा. तीस दिवस रोज तीन वजनं लिहा: स्वयंपाकघरातली सालं-देठं, ताटांतलं उष्टं आणि सुका कचरा. त्या दिवशी किती जण जेवले तेही लिहा. उष्ट्याला जेवणाऱ्यांच्या संख्येने भागलं की माणशी किती ग्रॅम टाकलं ते निघतं. हा आकडा मेसच्या दारावर खडूने रोज लिहा, कोणाला दोष देणारं वाक्य त्याखाली नको. भात टाकला जातोय की भाजी, बुधवारी-रविवारी रस्सा असतो तेव्हा काय होतं, हे दोन आठवड्यांत लक्षात येतं, आणि बऱ्याचदा भाताचा डाव लहान केला एवढ्यानेच फरक पडतो. खताचा खड्डा ही दुसरी पायरी. आधी कचराच कमी होऊ द्या.

खत: इथे घाई केली तर वास येतो

रोज दहा किलोच्या आसपास ओला कचरा असेल तर तीन फूट लांब, रुंद आणि उंच असे तीन हौद लागतात. एक भरतोय, दुसरा कुजतोय, तिसरा रिकामा होतोय. विटांची भिंत, मध्ये मध्ये फटी, वर पत्रा. पत्र्याशिवाय कोल्हापूरचा जुलै काढता येत नाही, हौदाची डबकी होतात.

तळाला वीतभर जाड काटक्या आणि नारळाच्या शेंड्या. त्यावर एक बादली ओला कचरा, त्यावर दोन बादल्या सुका पाला. सुरुवातीला शेणाचं पाणी किंवा जुनं खत ओंजळभर शिंपडा, त्यातले जिवाणू कामाला लागतात. पुन्हा ओला, पुन्हा सुका. वरचा थर नेहमी सुका असावा, मग माशा बसत नाहीत. आठवड्यातून एकदा फावड्याने खालीवर करा. आतून वाफ निघाली, हात घालवत नाही इतकं गरम लागलं, तर सगळं बरोबर चाललंय. खत होतं ते जिवाणूंमुळे, आणि त्यांना हवा, ओल आणि कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण लागतं, साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन. पाल्यात कार्बन जास्त, उष्ट्यात नायट्रोजन जास्त. सगळं गणित त्या दोन बादल्यांत आलं.

ओल तपासायची तर मूठभर घेऊन पिळा. बोटांतून एक-दोन थेंब निघाले तर ठीक. धार लागली तर पाला वाढवा, हाताला कोरडंच लागलं तर पाणी शिंपडा. कुजकट वास आला म्हणजे हवा कमी पडलीय, लगेच खालीवर करून पाला घाला. नाकात झोंबणारा वास आला तर उष्टं जास्त झालंय. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही काम करतात, फक्त वर पाला टाका.

मटणाची हाडं, तळणीचं तेल आणि मिसळीचा कट यात घालायचा नाही. हाडांवर कुत्री येतात आणि एका रात्रीत हौद उपसला जातो. उष्टं आधी जाळीच्या टोपलीत निथळू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. पानगळ होते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि सुक्या पाल्याची सर्वांत जास्त गरज असते जुलै ते ऑक्टोबरमध्ये. रोज दोन बादल्या धरल्या तर पावसाळ्यासाठी चाळीस-पन्नास पोती पाला लागतो. तो उन्हाळ्यात भरून कोरड्या जागी ठेवला नाही तर ऑगस्टमध्ये हौद बंद पडतो, आणि 'हे काय जमत नाही' असा शिक्का बसतो तो कायमचा. पाला कमी पडला तर आपल्याकडे उसाचं पाचट आहे. बारीक तोडून घाला. पाला पोत्यात गेला की तो जाळणंही आपोआप थांबतं. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच देशभर मनाई केली आहे, पण मावशींना कायदा दाखवण्यापेक्षा पोती दाखवणं बरं.

दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत होतं. पहिलं पोतं माळीमामांना द्या. दुसरं कॅन्टीनवाल्यांना.

पत्र आणि आवक क्रमांक

परवानगीसाठी तोंडी बोलून भागत नाही. एका पानाचं पत्र लिहा: तीस दिवसांचे आकडे, काय करायचंय, जागा किती, खर्च किती, रोजची जबाबदारी कोणाची. 'साठ दिवस प्रयोग म्हणून परवानगी द्यावी' असं मागा. कायमची परवानगी द्यायला कोणीही कचरतं, प्रयोगाला 'हो' म्हणणं सोपं जातं. पत्राची पोच घ्या आणि त्यावर आवक क्रमांक टाकून घ्या. एक प्रत आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना द्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाचं काम, कचरा व्यवस्थापन, ऊर्जा आणि हरित लेखापरीक्षण हे सगळं विचारलं गेलंय. तुमच्या वहीतला आकडा त्यांना हवाच असतो.

मोठ्या संस्थांसाठी आणखी एक मुद्दा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संस्था मोठ्या कचरा निर्मात्यांत धरल्या आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पत्रात हे एका ओळीत नम्रपणे लिहा. आपल्याच कॉलेजविरुद्ध माहिती अधिकाराचा अर्ज टाकून सुरुवात करू नका. ज्यांच्या जागेत रोज काम करायचं त्यांच्याशी आधी बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

सुका कचरा मात्र आवारात संपत नाही. तो कोरडा आणि स्वच्छ असेल तर कचरावेचक महिलांना त्याचे पैसे मिळतात. उष्ट्याने माखलेला असेल तर तो कसबा बावड्याच्या डेपोवरच जाणार. या महिलांशी थेट ठरवा, आठवड्यातला एक वार पक्का करा.

झाडं लावण्याआधी माळ ओळखा

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये ज्या ८५३ एकरांवर उभं राहिलं तो सागरमाळ. मुरमाड, उघडा. आज तिथे झाडी आहे, मोर आहेत, आणि पावसाचं पाणी अडवून तयार झालेले तलाव, शेततळी, विहिरी आहेत. पाणी आधी अडवलं म्हणून झाडं टिकली, हा क्रम विसरू नये.

पण दिसेल त्या मोकळ्या जागेत झाड लावायचं, हे मला पटत नाही. माळरानाचं गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते, चंडोल गवताच्या बुडख्यात घरटं करतो. आवारात असा तुकडा असेल तर तो तसाच राहू द्या, निदान मार्च ते ऑगस्ट तिथे जेसीबी जाणार नाही एवढं बघा. आधी वर्षभर पक्ष्यांची आणि झाडांची यादी करा. फेब्रुवारीच्या मध्यावर देशभर कॅम्पसमधली पक्षीगणना होते, तिच्यात ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकता येतात. दुर्बीण नसली तरी साळुंकी, बुलबुल, वेडा राघू, कोतवाल, धनेश इतकं ओळखून सुरुवात होते.

जिथे झाड लावायचंच तिथे वड, पिंपळ, उंबर, करंज, जांभूळ, बहावा, आपटा, पळस यांतलं जागेप्रमाणे निवडा. गुलमोहर मादागास्करचा, नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. ती उरलीत तेवढी पुरेत. इमारतीपासून दहा फुटांच्या आत वड-पिंपळ नकोत. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून घ्या, छातीएवढी उंच. बोटभर रोपाला बकरी एका घासात संपवते.

खड्डे मे महिन्यात खणा, दोन फूट बाय दोन फूट, खोली दोन फूट, आणि ऊन खाऊ द्या. ५ जूनच्या तारखेत अडकू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत ओली झाली की लावा. पिशवी पूर्ण फाडून काढा. कुंपण करा. नोव्हेंबरमध्ये बुंध्याभोवती पाल्याचं जाड आच्छादन घाला.

आता मेचा हिशेब. वीस रोपं, प्रत्येकाला पंधरा लिटर, आठवड्यातून दोनदा. आठवड्याला ६०० लिटर पाणी, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत. हे पाणी कुठून येणार आणि कोण घालणार, याचा तक्ता रोप आणण्याआधी तयार पाहिजे. राजारामपुरी, उचगाव, शाहूपुरीत राहणाऱ्या पोरांची नावं त्यात घाला, सुट्टीतही ती गावातच असतात. तक्त्यात पाच नावं बसत असतील तर पाचच रोपं लावा. माळाच्या कडेने मार्चआधी गवत कापून जाळरेषा करा, एका पेटत्या काडीने तीन वर्षांची मेहनत जाते.

पाणी आणि वीज

गळत्या नळाखाली लिटरची बाटली ठेवा, भरायला किती वेळ लागला ते लिहा आणि दिवसाचं गणित करा. दुरुस्तीच्या अर्जात 'नळ गळतो' लिहिण्यापेक्षा 'दिवसाला इतके लिटर' लिहिलं की प्लंबर लवकर येतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी पिंपात धरून फरशी पुसायला वापरता येतं. छताच्या पाण्याचा हिशेब तर तोंडी होतो: एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तीनशे चौरस मीटरचं छत आणि वर्षाचा हजार मिलीमीटर पाऊस धरला, पाचवा हिस्सा वाया गेला मानला, तरी २,४०,००० लिटर. ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचं की गटारात, एवढाच प्रश्न.

विजेसाठी महावितरणची मागच्या बारा महिन्यांची बिलं बघायला मागा. एका वर्गात ७५ वॅटचे आठ पंखे विनाकारण दोन तास फिरले तर १.२ युनिट जातात. असे पंधरा वर्ग आणि वर्षाचे २०० दिवस, म्हणजे ३,६०० युनिट. प्रत्येक वर्गाचा एक जबाबदार नेमा, शेवटचा तास संपला की बटण बंद. जुना पंखा जळेल तेव्हा त्याच्या जागी तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा घ्यावा, एवढा ठराव खरेदी समितीत झाला तर पुरे.

गणपतीत निर्माल्य गोळा करायला घाटावर किंवा इराणी खणीवर जाणार असाल तर दोरे, थर्माकोल आणि जरीच्या पिशव्या तिथेच वेगळ्या करा, फुलं आपल्या हौदात आणा. ज्या गावात होळीला शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान दिल्या जातात तिथे असं काही नव्याने पटवावं लागत नाही, फक्त कोणीतरी पोतं घेऊन उभं राहावं लागतं. मोबाइलचे चार्जर, बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूब मात्र कोणत्याही डब्यात जाऊ देऊ नका, वेगळ्या खोक्यात ठेवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्या. येण्या-जाण्याचं म्हणाल तर केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, पास आणि एका गाडीवर दोघं, सायबर चौकातली सकाळ तेवढीच हलकी होते.

वही पुढे द्या

तिसऱ्या वर्षाची पोरं गेली की काम बंद, हे मी तीन कॉलेजांत पाहिलंय. म्हणून पाच जणांत दोन पहिल्या वर्षाचे. जानेवारीपासूनच चाव्या, काटा, पाण्याचा तक्ता आणि कार्यालयात जाणं त्यांच्या हातात द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. चुकले तर चुकू द्या, तुम्ही आहात तोवर चुका सुधारता येतात.

वहीच्या शेवटच्या चार पानांवर हे लिहून ठेवा: हौद कधी भरला, कधी उपसला. पाला कुठल्या खोलीत आहे आणि किती पोती. कुठली रोपं कोणी, कधी लावली आणि आज उंची किती. पत्रांचे आवक क्रमांक. सुका कचरा नेणाऱ्या ताईंचा ठरलेला वार. मावशींना सकाळी कितीला भेटायचं. माळीमामा सुट्टीवर कधी जातात आणि तेव्हा पाणी कोण घालतं. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नव्या दोघांना घेऊन एकदा सगळा आवार फिरून या, नळापासून शेवटच्या रोपापर्यंत, बादली हातात घेऊन.